पाम बीच रोडवरची पोरं आणि केन वॉर्बी

नेरुळच्या ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय, की मध्यरात्री पाम बीच रोडवरून सुसाट जाणाऱ्या बाइकमुळे तुमच्या सोसायटीत झोप लागत नाही आणि वेगाच्या विक्रमवीरांचं कौतुक करून मी त्याच पोरांना चिथावतोय. शिवाय हे सगळे ‘श्रीमंतांचे चोचले’. पाम बीचबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, त्या रस्त्याने जीव घेतलेत. पण ती पोरं आणि माझ्या लेखांतली माणसं एकाच माळेत ओवू नका.

आधी श्रीमंतीचं बघू. केन वॉर्बी हा सिडनीत अवजारं विकणारा सेल्समन. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने लिलावात काढलेली तीन जुनी जेट इंजिनं त्याने २६५ डॉलरला उचलली. नावेचा आराखडा स्वतःच काढला आणि लाकूड-प्लायवूडची ती नाव घराच्या मागच्या अंगणात बांधली. वर छप्पर नव्हतं, पाऊस आला की ताडपत्री टाकायची. ८ ऑक्टोबर १९७८ ला ब्लोअरिंग धरणाच्या पाण्यावर हीच नाव ताशी ५११ किलोमीटर वेगाने धावली. २०२३ मध्ये वॉर्बी गेला, तेव्हाही पाण्यावरचा जागतिक विक्रम त्याच्याच नावावर होता. मोठमोठे प्रायोजक घेऊन आलेल्यांनाही तो मोडता आला नव्हता.

आता धोक्याचं, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो रास्त आहे. एवढ्या वेगात नाव पाण्यात नसते, पाण्याला जेमतेम टेकलेली असते. नाक जरा वर गेलं की खाली हवा शिरते आणि नाव उलटते. वेगाचे विक्रम करणारा ब्रिटिश डोनाल्ड कॅम्पबेल हा वॉर्बीचा आदर्श. ४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडच्या कॉनिस्टन तलावात पहिली फेरी झाल्यावर तो इंधन न भरता लगेच परत फिरला आणि दुसऱ्या फेरीत नाव हवेत उडून उलटली, त्यातच तो गेला. पुढे वॉर्बीचा विक्रम मोडायला निघालेले ली टेलर १९८० मध्ये आणि क्रेग आर्फन्स १९८९ मध्ये याच प्रयत्नात गेले. हे वाचून कुणाच्या पोटात गोळा आला तर तो यायलाच हवा. पण त्या तिघांनी पणाला लावला तो स्वतःचा जीव, रिकाम्या केलेल्या पाण्यावर. रात्रपाळी संपवून स्कूटरवरून घरी निघालेल्या माणसाचा नाही. मला फरक दिसतो तो इथे, आणि तो किरकोळ नाही.

आणखी एक. विक्रम एका फेरीत होत नाही. तासाभरात उलट दिशेनेही धावावं लागतं आणि दोन्हींची सरासरी धरतात, म्हणजे वाऱ्याचा फुकटचा फायदा बाद. त्यामुळे या छंदात धावणं मिनिटाभराचं आणि बाकी सगळं खोलणं, मोजणं, पुन्हा जोडणं. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोने १९२० ची इंडियन स्काउट मोटरसायकल जवळजवळ पन्नास वर्षं सुधारली. पिस्टनसुद्धा तो जुन्या डब्यांच्या साच्यात घरीच ओतायचा. मूळची ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास पळणारी गाडी त्याने १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर २९६ पर्यंत नेली. तेव्हा तो ६८ वर्षांचा होता! असल्या माणसाबद्दल वाचून पोरगा रात्री रस्त्यावर उतरेल असं मला नाही वाटत. हातात पाना मात्र घेईल.

रहदारीच्या रस्त्यावरच्या शर्यतींना माझा विरोध आहे आणि पोलिसांनी गाड्या जप्त केल्या तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहीन. मात्र हौस कुठे भागवायची, हा त्या पोरांचा प्रश्नही खरा आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यती, झाल्या आहेत, हेल्मेट घालून, रहदारीपासून दूर. तुमच्या सोसायटीतल्या त्या बाइकवाल्यांपैकी कुणी स्वतःचं इंजिन स्वतः उघडणारा असेल तर मला कळवा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझ्या ओळखीचे एक लेथवाले काका आहेत, शिकवायला हौशी आहेत. रविवारी सकाळी मी त्याला त्यांच्याकडे घेऊन जातो.