उद्घाटनाची प्रेस नोट का छापली जात नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लाकडी घाणा सुरू केला, उद्घाटनाची प्रेस नोट 40 वर्तमानपत्रांना एकाच मेलने पाठवली, एक ओळ छापून आली नाही. उलट दोन ठिकाणांहून 'आधी जाहिरात द्या' असे फोन आले. म्हणून फुकट प्रसिद्धी ही निव्वळ थाप.

जाहिरातीबद्दलचा राग अगदी रास्त आहे. तालुक्याच्या कित्येक वार्ताहरांचं मानधन तुटपुंजं असतं, जाहिरात आणली तर कमिशन मिळतं. बातमी आणि जाहिरात एकाच माणसाच्या हाती आली की असे फोन येतात. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलने 2010 मध्ये अहवालही काढला होता. पैसे देऊ नका. जिल्हा आवृत्तीच्या उपसंपादकाशी किंवा पुरवणी पाहणाऱ्याशी थेट बोला.

पण तुमची नोट पडून राहिली, त्याचं मोठं कारण वेगळं आहे. 'अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत' ही तुमच्या घरची बातमी झाली. वाचकाचं त्यात काय आहे?

खरं तर तुमच्याकडे चांगली बातमी आहे. घाण्यावर 1 लिटर शेंगदाणा तेलाला साधारण अडीच ते तीन किलो दाणे लागतात. त्याला आजच्या भावाने गुणा, पेंडीचे सुटणारे पैसे वजा करा. जो आकडा येईल त्याच्याही खाली कुणी 'घाण्याचं तेल' विकत असेल, तर ते परवडतं कसं, हा प्रश्न दिवाळीच्या तळणाआधी प्रत्येक घराचा आहे. पत्रकाराला पहिला निरोप असा जाऊ द्या :

'घाण्याचं म्हणून घेतलेलं तेल खरंच घाण्याचं आहे का, याचा अंदाज शेंगदाण्याच्या भावावरून बांधता येतो. हिशेब सोबत आहे. घाणा सुरू असताना येऊन समोर तोलून पाहता येईल.'

हा निरोप शहर पानासाठी. 'ॲग्रोवन' या शेतीविषयक दैनिकाला मात्र दाणे कुठल्या शेतकऱ्यांकडून घेता, कोणत्या वाणाला उतारा जास्त, पेंड कुठे जाते, हे हवं असतं. 40 जणांना एकच मजकूर, तोही सगळ्यांचे पत्ते दिसतील असा, गेला की हे सगळीकडे गेलंय हे प्रत्येकाला कळतं. मग कुणीच हात लावत नाही. आधी एकालाच द्या, तसं स्पष्ट सांगा, तीन-चार दिवस थांबा, एकदाच आठवण करा, मग पुढच्याकडे जा.

मजकूर दीडशे-दोनशे शब्दांचा, युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं तसा), थेट मेलमध्येच टाइप केलेला हवा. लेटरहेडचा फोटो पाठवलात तर तो कुणाला तरी पुन्हा टाइप करावा लागतो, आणि संध्याकाळी पानं लागत असताना तेवढी उसंत कुणाला नसते. फोनही त्यामुळेच सकाळी 11 ते 1 च्या दरम्यान करावा. पुरवणीसाठी किमान आठ-दहा दिवस आधी, दिवाळीच्या पानांसाठी त्याहून आधी.

फीत कापतानाचा फोटो नको. तेलाची धार पडताना किंवा घाण्यातून पेंड काढतानाचा, आडवा, खिडकीच्या उजेडातला चालेल. छापील 12 सेंटिमीटर रुंदीला, इंचाला 300 पिक्सेल धरले तर, सुमारे 1400 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो आकसतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. खाली डावीकडून नावं लिहा.

आणखी एक, 'हृदयविकार बरा होतो' असलं काही लिहू नका. असा दावा दिसला की चांगला पत्रकार मागे सरतो, शिवाय दिशाभूल करणारे दावे अन्नसुरक्षा कायद्यात बसत नाहीत.

नवी नोट लिहिण्याआधी 10 किलो दाणे काट्यावर तोला, तेल किती आणि पेंड किती निघाली ते लिहून ठेवा. भेटीला आलेला बातमीदार पहिल्यांदा तेच विचारेल, आणि त्यानंतर अन्न परवान्याचा क्रमांक.