आठशे युरो पाण्यात? नीसच्या डोंगरगावांवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तुम्ही टोपणनावाने लिहिता, पण "वयाने मोठा आहे म्हणून स्पष्टच लिहितो" असं सुरुवातीलाच म्हणालात. तेव्हा काकाच म्हणते.

तुमची प्रतिक्रिया चांगली लांबलचक आहे, आणि खाली दोन-चार जणांनी "अगदी मनातलं बोललात" म्हणून दुजोराही दिलाय. त्यामुळे "मताचा आदर आहे" एवढं लिहून सटकणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दक्षिण फ्रान्समधल्या नीसहून खासगी गाडी आणि गाइड घेऊन एझ, ला तुर्बी, वाँस आणि सँ-पॉल-द-वाँस या डोंगरावरच्या चार गावांची एका दिवसाची सहल आम्ही केली, त्यावर मी लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं: ८०० युरो घालवणं हा निव्वळ थाट. बसने हेच पाच-सहा युरोत होतं. एका दिवसात चार गावं म्हणजे बघणं कसलं, हजेरी लावणं. गाइड लोक भाकडकथा सांगतात. आणि त्या गावांत साबण-अत्तराची दुकानं सोडली तर भारतीय माणसाने मुद्दाम जावं असं आहे काय? जाता जाता एक टोलाही आहे: "रायगडावर किती वेळा गेलात?"

आधी पैशांचं बोलू, कारण सगळ्यांना खुपलंय ते तेच. आम्ही सहा जण होतो: आम्ही दोघं, मुलगी, सासू-सासरे आणि माझी आई. माणशी १३३ युरो पडले, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये. जेवण आणि प्रवेशाची तिकिटं वेगळी. स्वस्त नाहीच, आणि मी तसं कुठे म्हटलंही नव्हतं. पण तुम्ही त्याची तुलना थेट बसच्या तिकिटाशी केलीत. नीसच्या बसबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडचण एवढीच की बहुतेक बस नीसमधून सुटतात आणि नीसलाच परत येतात. एझ आणि ला तुर्बी शहराच्या पूर्वेला, तर सँ-पॉल आणि वाँस पश्चिमेला, वार नदीच्या पलीकडे. दोन्ही बाजू एका दिवसात करायच्या तर भरदुपारी पुन्हा नीसमध्ये उतरायचं, शहर ओलांडायचं आणि दुसऱ्या टोकाची बस धरायची. एझहून ला तुर्बी गाडीने दहा-पंधरा मिनिटं, पण तेवढ्यासाठी बसच्या वेळापत्रकाची मनधरणी करत बसावं लागतं.

तुम्ही खाली समुद्राकाठच्या एझ-सुर-मेर स्टेशनला उतरून जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाच्या पायवाटेने वर चढून गेलात हे वाचून मात्र मनापासून कौतुक वाटलं. चारशे मीटरचा तो दगडधोंड्यांचा चढ आहे, तासा-सव्वातासाचा. १८८३ पासूनचे काही हिवाळे नीत्शेने नीसमध्ये काढले, तेव्हा तो ही वाट चढायचा आणि 'झरथुष्ट्रा' या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातला काही मजकूर त्याला चढता चढताच सुचला असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते तत्त्वज्ञान झेपणारं नव्हतं.

इथे एक गोष्ट ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी नीट ऐका. खासगी गाडी केली म्हणजे चढ टळला असं अजिबात नाही. एझमध्ये गाडी कुणाचीही असो, गावाच्या पायथ्याशीच थांबते. त्यापुढे सगळ्या पायऱ्या आणि गुळगुळीत झालेले दगड. सासूबाई आणि आई पिवळ्या चर्चपर्यंत आल्या, तिथे सावलीत बसल्या आणि वरच्या बागेला त्यांनी खालूनच नमस्कार केला.

मग ८०० युरो कशाचे? माझ्या मते दिवसाच्या क्रमाचे, आणि नको ते नको म्हणायच्या मोकळीकीचे.

एझचंच बघा. नीसजवळच्या विलफ्रांशच्या खाडीत क्रूझची जहाजं नांगर टाकतात आणि त्यातली माणसं बसगाड्या भरभरून साधारण दहाच्या सुमारास एझला पोचतात. गावाला वेशीचा दरवाजा एक आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून छत्री आली तर आपण भिंतीला चिकटायचं. आम्ही पावणेनऊला त्या दरवाजात होतो. गल्लीत एक माणूस दुकानासमोरची फरशी धूत होता, दुसरा पाव घेऊन चालला होता, बस्स. वरची बाग उघडली तेव्हा आत शिरणारे पहिले आम्हीच. पडक्या किल्ल्याच्या अवशेषांवर दुसऱ्या महायुद्धानंतर लावलेली ही निवडुंगांची बाग आहे. आपल्याकडे शेताच्या बांधावर असतं ते घायपात तिथे पाटी लावून, कौतुकाने जपलेलं बघून सासऱ्यांना फार मजा वाटली. खाली उतरताना पहिला मोठा घोळका चढत होता. त्यांच्या गाइडने वर धरलेली छत्री दिसत होती, आवाज मागच्यांपर्यंत पोचत नव्हता.

नको म्हणायची मोकळीक म्हणजे अशी. आमच्या छापील कार्यक्रमात अत्तराचा कारखाना आणि मोनाको हे दोन्ही होतं. कारखान्याची फेरी फुकट असते आणि तिचा शेवट हमखास दुकानात होतो. आम्ही सकाळीच सांगितलं, दोन्ही वगळा. गाइडच्या कपाळावर आठी नाही. ओळखीचं एक जोडपं मोठ्या गटातून याच रस्त्याने गेलं होतं. त्यांचा पाऊण तास साबणांत गेला आणि ला तुर्बीचं रोमन स्मारक त्यांनी बसच्या खिडकीतून बघितलं.

आता भाकडकथा. काका, तुमचा हा मुद्दा पोकळ नाही. तिथल्या कुठल्याही डोंगरगावात गेलात की एकच गोष्ट ऐकवतात: समुद्रावरून अरब चाचे यायचे, म्हणून लोक डोंगरावर पळाले आणि ही गावं झाली. आमच्या गाइडनेही ती सांगितली, आणि लगेच म्हणाली की ही अर्धीच खरी. चाच्यांचा त्या किनाऱ्यावरचा मोठा तळ ९७३ च्या सुमारास मोडला, आणि तटबंदीची बरीचशी गावं त्यानंतरच्या दोनेकशे वर्षांत वसली. स्थानिक सरदारांनी डोंगरावर गढ्या बांधल्या आणि रयतेला भोवती आणून बसवलं, म्हणजे संरक्षणही झालं आणि सारा वसूल करणंही सोपं. चाचे नंतरही येत राहिले, १५४३ मध्ये तर तुर्की आरमारप्रमुख बार्बारोसाच्या आरमाराने नीसला वेढा घातला, पण गावं निव्वळ भीतीने वर गेली हे काही खरं नाही. हे तिने एझच्या तटाजवळ उभं राहून, खालचं शेत आणि वरची गढी बोटाने दाखवत सांगितलं. एवढं सांगणारं माणूस मिळालं तर मी त्याला भाकडकथा म्हणणार नाही.

आणि तुमचा रायगड. गेले आहे, काका, पायऱ्यांनीही आणि रोपवेनेही. पण त्या टोल्याचं उत्तर सहलीच्या दिवशीच आपोआप मिळून गेलं होतं. ला तुर्बीला सम्राट ऑगस्टसचं विजयस्मारक आहे, इ.स.पू. ६ च्या सुमाराचं. आल्प्समधल्या पंचेचाळीस टोळ्या जिंकल्याची नोंद त्यावर कोरलेली होती. मूळ शिलालेखाचे तुकडे तेवढे सापडले, पण रोमन लेखक थोरल्या प्लिनीने तो मजकूर आपल्या ग्रंथात उतरवून घेतला होता, म्हणून टोळ्यांची नावं ओळीने पुन्हा मांडता आली. मध्ययुगात या स्मारकाचाच किल्ला झाला. पुढे स्पेनच्या वारसायुद्धात फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नीसचा मुलूख सावॉयच्या ड्यूककडून घेतला आणि १७०५-०६ मध्ये इथल्या किल्ल्यांना सुरुंग लावले: ला तुर्बी, एझ, नीसचा मोठा किल्लाही. पुन्हा शत्रूच्या हाती लागले तर उपयोगी पडू नयेत म्हणून. ला तुर्बीच्या चर्चमध्ये याच स्मारकाचे दगड वापरलेत. रोमन घडाईचा चिरा आणि साधा दगड यांतला फरक गाइडने आम्हाला हात लावून बघायला लावला. एकाची कड सुरीने कापल्यासारखी होती, दुसऱ्याची ओबडधोबड.

सुरुंगांचं ऐकल्यावर आमचे हे, जे एरवी गाइडच्या दहा पावलं पुढे चालतात, थांबले आणि १८१८ मध्ये सह्याद्रीतले किल्ले फोडणाऱ्या इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जची हकीकत सांगायला लागले. अलंग-कुलंग किल्ल्यांच्या फोडलेल्या पायऱ्या, ट्रेकला तिथे दोर कसा लावावा लागतो, सगळं. तिने वही काढली आणि किल्ल्यांची नावं लिहून घेतली. पन्नास जणांच्या बसमध्ये हे झालं असतं का? मला नाही वाटत.

जे पुढे जाणार आहेत त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. फ्रान्समध्ये वस्तुसंग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तूंमध्ये सहलीला आत नेऊन माहिती सांगायची तर गाइडकडे सरकारी ओळखपत्र लागतं. ड्रायव्हरचा परवाना वेगळा. जाहिरातीत "ड्रायव्हर-गाइड" असं लिहिलेलं असतं, त्यांतले पुष्कळसे फक्त ड्रायव्हर असतात. गप्पा छान मारतात, वेशीपाशी सोडतात आणि "तासाभराने या" म्हणून गाडीत बसतात. आमच्या गाइडकडे दोन्ही परवाने होते, पैसे म्हणूनच जास्त. नोंदणी करताना हा एक प्रश्न सरळ विचारा. उत्तर गोलगोल आलं तर तिथेच समजा. आणि सोमवार टाळा, त्या दिवशी ला तुर्बीचं स्मारक बंद असतं.

एका दिवसात चार गावं जास्त झाली का? वाचताना तसं वाटणं साहजिक आहे. पण वाँसला आम्ही गाव बघायला गेलोच नव्हतो, फक्त चित्रकार मातीसचं चॅपेल बघायला गेलो होतो. ते मोजक्याच वेळी उघडं असतं, त्यामुळे जेवणाची वेळसुद्धा त्याच्या हिशेबाने ठरवली. १९५१ मध्ये ते पूर्ण झालं तेव्हा मातीस ऐंशी ओलांडलेला होता. आजारपणात त्याची शुश्रूषा केलेली मुलगी पुढे जोगीण झाली, तिच्यामुळे हे काम त्याच्याकडे आलं. खिडक्यांत पिवळा, हिरवा आणि निळा, तीनच रंग. समोर पांढऱ्या टाइल्सवर काळ्या रेघांची चित्रं. ख्रिस्ताच्या शेवटच्या वाटेचे चौदा प्रसंग एकाच भिंतीवर, आकडे घालून, अगदी घाईघाईत काढल्यासारखे.

सासरे शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी चेहरा वाकडा केला. "रेघ थरथरतेय," म्हणाले, "पोरांना मी असं काढू दिलं नसतं." मी ते गाइडला सांगितलं. ती म्हणाली, या चॅपेलच्या मोठ्या आकृत्यांचा सराव मातीस लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून करायचा, तसा त्याचा फोटोही आहे. सासरे परत भिंतीजवळ गेले. मनगट धरून ठेवून नुसत्या खांद्यातून हात फिरवून बघायला लागले, एकदा, दोनदा. तिथली बाई त्यांच्याकडे बघायला लागली तेव्हा मीच ओशाळले. बाहेर आल्यावर म्हणाले, "खांद्यातून काढलीय रेघ. मग ती अशीच येणार." नंतर गाडीत त्यांनी गाइडला फळ्यावर मोठं वर्तुळ एका हातात कसं काढायचं ते शिकवलं. तुम्ही हजेरी म्हणालात ना, ती ही.

सँ-पॉलबद्दल आपलं दोघांचं एकमत आहे. मुख्य गल्ली म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅलऱ्या आणि दुकानं, आणि चित्रकारांनी जेवणाचं बिल चित्रांनी चुकतं केल्याची 'कोलोम्ब दोर' या खानावळीची गोष्ट तुम्हाला तिथे चार जण ऐकवतील. पण फ्रान्स्वा राजाच्या काळातला तट जवळजवळ अख्खा आहे, त्यावरून चालता येतं, आणि गल्ली संपवून दक्षिणेच्या टोकाला गेलात की दफनभूमीत चित्रकार शागालची कबर आहे. साधी पांढरी शिळा, तिच्यावर लोकांनी ठेवलेले खडे. संध्याकाळी पाचनंतर गेलो म्हणून गर्दी ओसरली होती. पुन्हा क्रमच.

तुमचं आणखी एक बरोबर आहे, आणि ते मी मूळ लेखातही लिहायला हवं तेवढं ठळक लिहिलं होतं: दोघं-तिघं धडधाकट असाल आणि हाताशी आठवडा असेल तर हा खर्च करू नका. विलफ्रांश, माँतों, आंतीब ही गावं रेल्वेच्या रुळावरच आहेत, तिथे खासगी गाडी करणं म्हणजे पैसे जाळणं. भाड्याची गाडी स्वतः चालवायचा तुमचा सल्ला मात्र मला पटत नाही. त्या वळणांवर ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याला समुद्र दिसत नाही, आणि एझला गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ संपते.  

राहिलं भारतीय माणसाचं. नीसच्या पूर्वेला रोकब्रून-काप-मार्तें आहे. चंदीगडची आखणी करणारा ल कॉर्बुझिए उन्हाळ्यात तिथे येऊन राहायचा, १९५२ मध्ये स्वतःसाठी बांधलेल्या खोपटात. ३.६६ मीटर लांब, ३.६६ मीटर रुंद, एवढंच. चंदीगडच्या विधानभवनाची आणि उच्च न्यायालयाची अवाढव्य कामं चालू होती त्याच वर्षांतलं हे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये तो तिथल्याच समुद्रात पोहायला उतरला आणि गेला. वरच्या डोंगरगावात बायकोशेजारी त्याला पुरलंय, थडग्याची रचनाही त्याचीच. २०१६ मध्ये ते खोपट आणि चंदीगडचं कॅपिटल संकुल एकाच यादीतून जागतिक वारसा झालं.

आमचं ते राहून गेलं. तुम्ही पुन्हा जाणार आहात असं लिहिलंयत, तर जरूर जा. रेल्वेने जाता येतं, स्टेशन अगदी जवळ आहे, खासगी गाडी लागत नाही. फक्त आधी नोंदणी करा, कारण गट छोटे असतात आणि हिवाळ्यात बंद असतं. आणि काका, आत गाइडशिवाय सोडत नाहीत.