संबंधम, सांबो आणि मामांचा फॉरवर्ड

घरच्या ग्रुपवर मामांनी उत्तराखंडच्या यूसीसीचं, म्हणजे समान नागरी कायद्याचं कौतुक टाकलं. लिव्ह-इनवाल्यांना रजिस्टर करायला लावलं ते बरंच झालं म्हणे, ही पाश्चात्य थेरं आपल्या संस्कृतीत कधी नव्हतीच. खाली अंगठ्यांची रांग. मी इथे स्वीडनमध्ये, ऑफिसात फिका (कॉफीची सुट्टी) चालू असताना वाचलं आणि दिवसभर डोकं तापलेलं.

कुठली संस्कृती म्हणताय मामा? मानववंशशास्त्रात 'संबंधम' म्हणून एक संज्ञा आहे, केरळच्या नायरांची. शब्द संस्कृतातूनच गेलेला, आपला 'संबंध' तोच, फक्त आपण तो कुजबुजून म्हणतो आणि मलबारात तो राजरोस होता. पुरुषानं बाईला वस्त्र दिलं की झाला संबंध. बाई आपल्या आईच्या घरी, तरवाडातच राहायची, हा रात्रीचं जेवण उरकून यायचा, सकाळी न्याहारीच्या आत चालता व्हायचा, मुलं आईच्या घराण्याची. पटेनासं झालं की संपलं, त्यासाठी कोर्टाची पायरी चढायला नको. कॅथलीन गफ या अभ्यासक बाईंनी १९५९ साली यावर निबंध लिहिला आणि लग्नाची व्याख्याच नव्याने मांडली, कारण आधीची व्याख्या एक पुरुष आणि एक बाई धरून चाललेली, नायर त्यात बसेचनात.

रजिस्टर करा हे खूळ आलं इंग्रजी अमलात. त्यांची कोर्टं संबंधमला कायदेशीर लग्न मानेनात, मग वकील सी. शंकरन नायरांनी मद्रासच्या कौन्सिलात बिल आणलं, १८९१ ला कमिशन बसलं, १८९६ ला मलबार मॅरेज अ‍ॅक्ट झाला. संबंधमची नोंदणी करा, मग ते लग्न! नोंदणीला फारच थोडे आले.

यावर आमच्या एका हुशार भावाने लगेच लिहिलं की ताई, नायर बायकांशी संबंधम करणाऱ्या नंबूद्री ब्राह्मणांच्या धाकट्या मुलांची त्यात चैन होती, बापाला पोरांची जबाबदारी नाही, वर पोरांसोबत जेवायचं तर विटाळ. खरंय, जातीचा माज होताच त्यात. पण मुद्दा तो नाहीये, मुद्दा 'आपल्यात नव्हतंच' हा आहे.

इथे स्वीडनमध्ये मी आणि माझा सांबो, म्हणजे लग्नाशिवाय सोबत राहणारा जोडीदार (हो, सांबारवरचे सगळे जोक करून झालेत ग्रुपवर), एका पत्त्यावर राहतो, स्काटेवर्केटला, म्हणजे इथल्या कर खात्याला पत्ता कळवलाय, विषय संपला. २००३ चा सांबोलागेन, म्हणजे सांबोंचा कायदा, मुख्यतः एवढं बघतो की एकत्र राहण्यासाठी म्हणून घेतलेलं घर आणि सामान वेगळं होताना अर्धं-अर्धं वाटायचं. मृत्युपत्र नसेल तर वारसा मात्र मिळत नाही, तो कागद आमचा अजून राहिलाय. आणि तिकडे उत्तराखंडात? महिन्याभरात नोंद नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, माहिती पोलीस ठाण्यात, एकवीसच्या आतले असाल तर आईबापांना पत्र. आमच्या बिल्डिंगमध्ये कोण कुणाचं कोण हे कुणी विचारत नाही, भांडणं होतात ती त्वेतस्तुगाच्या, म्हणजे सगळ्यांच्या कपडे धुण्याच्या खोलीच्या वेळेवरून.

म्हणून मी फार मोकळी झालेय असंही नाही. मंडळाच्या गणपतीला कोणी विचारलं की मी पटकन 'मिस्टर' म्हणते, तोही बिचारा हात जोडून नमस्कार करतो. आणि खरं सांगायचं तर मला त्या नायर बायकांचा हेवा वाटतो तो नवरा रात्रीपुरता यायचा म्हणून नाही, आईचं घर कधी सोडावं लागायचं नाही म्हणून. माझ्या पुण्यातल्या खोलीत आता भावाचं वर्क फ्रॉम होमचं टेबल आहे. लग्न करून गेले असते तरी तेच झालं असतं म्हणा, पण तेव्हा दिवाळीला जावयाला पाटावर बसवलं असतं, मामांनीच त्याला श्रीखंडाचा आग्रह केला असता.

डिसेंबरात येतोय आम्ही दोघं. डेक्कनला हॉटेल बुक केलंय. मामी म्हणाली, तेच बरं पडेल गं तुम्हाला.