कुरूपाला मूळ नसते

पायाच्या कुरूपावरचा ‘रामबाण उपाय’ सांगणारा एक संदेश सतत फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पायात मोडलेल्या काट्याभोवती कुरूप वाढते, त्याला खोलवर मूळ असते आणि ते काढले नाही तर कुरूप पायभर पसरते, ठेचलेली लसणाची पाकळी सात रात्री बांधली किंवा दुकानात मिळणारी कुरूपाची पट्टी लावली की मूळ सुटते, उरलेला भाग ब्लेडने कोरून काढावा, मधुमेह असलेल्यांनी तर हे सर्वांत आधी करावे, आणि एकदा मूळ निघाले की जोडे बदलण्याचे कारण उरत नाही. यातले बहुतेक दावे ‘मूळ’ या एकाच शब्दावर उभे आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. एखाद्या जागी पुन्हापुन्हा दाब किंवा घर्षण होऊ लागले की खालचा जिवंत थर नेहमीपेक्षा अधिक वेगाने पेशी तयार करतो आणि वरचा थर जाड होत जातो. हा दाब पसरट भागावर असेल, उदाहरणार्थ टाचेवर किंवा चवड्यावर, तर तिथे घट्टा पडतो. तोच दाब हाडाच्या एखाद्या उंचवट्यावर, लहानशा ठिकाणी एकवटला, तर जाड झालेली त्वचा शंकूच्या आकाराने आत दाबली जाते आणि तिचे टोक खालच्या संवेदनशील थरावर रुतते. चालताना खडा टोचल्यासारखी जी कळ येते ती या टोकामुळे. या शंकूत रक्तवाहिनी नसते, जिवंत पेशी नसतात आणि स्वतःहून वाढण्याची शक्तीही नसते. ज्याला लोक मूळ समजतात ते मूळ नसून, वरून ठोकलेल्या खुंटीचे टोक आहे.

काट्याची गोष्टही याच कसोटीवर पाहता येते. काटा पायाच्या कोणत्याही भागात मोडू शकतो, पण कुरूप मात्र ठरावीक जागा धरते: करंगळीची बाहेरची बाजू, वाकलेल्या बोटांच्या सांध्यांचा वरचा भाग, चौथे बोट आणि करंगळी यांच्यामधली खाच, चवड्याच्या हाडांखालची त्वचा. या सगळ्या जागा जोड्याने किंवा शेजारच्या हाडाने दाबल्या जाणाऱ्या आहेत. तारवाद्य वाजवणाऱ्याच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडतात तेव्हा तिथे काटा मोडला असे कोणी म्हणत नाही. उलट, दुखापतीमुळे ज्याचा पाय बराच काळ जमिनीला टेकत नाही, त्याच्या तळव्यावरचे जुने घट्टे हळूहळू मऊ पडून सुटतात. खरोखरच मूळ असते तर ते असे उपचारावाचून गेले नसते. पायात काटा खरोखरच राहिला तर सूज, ठणका आणि कधी पूही होतो. तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा, पण ते दुखणे निराळे.

कुरूप पसरते हा समज चामखिळीमुळे झाला असावा, असे मला वाटते. तळव्यावरची चामखीळ विषाणूमुळे होते, संसर्गाने पसरते आणि वरवर पाहता कुरुपासारखीच दिसते. फरक असा की चामखिळीवर त्वचेच्या रेषा तुटलेल्या दिसतात, तिच्यात बरेचदा काळे ठिपके असतात आणि ती दोन बाजूंनी चिमटीत धरली की अधिक दुखते. कुरूप सरळ वरून दाबल्यावर अधिक दुखते. शंका असेल तर आधी निदान करून घ्यावे.

आता लसणाकडे वळू. कच्च्या लसणाचा रस त्वचेला भाजतो, आणि रात्रभर घट्ट बांधून ठेवलेल्या लसणाने फोड आणि जखमा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जे सोलून निघते त्यात कुरुपाभोवतीची निरोगी कातडीही असते. पट्टीची बाब थोडी वेगळी आहे, कारण तिच्यात खरे औषध असते. तिच्यातले सॅलिसिलिक आम्ल मृत त्वचेचे थर सैल करते. पट्ट्यांमध्ये त्याचे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत असते, तर लावायच्या द्रवांमध्ये साधारण 17 टक्के. मात्र कुरूप कुठे संपते आणि चांगली त्वचा कुठे सुरू होते हे आम्लाला कळत नाही. म्हणून औषधाचा भाग कुरुपापेक्षा मोठा नसावा, सभोवती पेट्रोलियम जेली लावावी, वेष्टनावर दिलेल्या मुदतीपलीकडे वापर करू नये आणि बोटांच्या खाचेतल्या ओलसर, मऊ कुरुपावर ती लावूच नये. अशा मऊ कुरुपासाठी खाच कोरडी ठेवणे आणि दोन बोटांमध्ये फोमचा किंवा सिलिकोनचा तुकडा ठेवणे अधिक उपयोगी पडते. पट्टीबरोबर जो पांढरा गोळा निघतो आणि ज्याची छायाचित्रे ‘निघालेले मूळ’ म्हणून दाखवली जातात, ती आम्लाने भिजून फुगलेली मृत त्वचा असते. ती निघाल्यावर आराम वाटतो हे मात्र खरे आहे, आणि त्या खऱ्या आरामामुळेच खोट्या स्पष्टीकरणावर विश्वास बसतो.

ब्लेडविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पायांच्या विकारांचे तज्ज्ञ निर्जंतुक पात्याने फक्त मृत थर तासतात आणि रक्त येण्याच्या आत थांबतात. स्वतःच्या तळव्यावर, वाकून, नीट दिसत नसताना ते कोणालाही साधत नाही. घरी करायचे असेल तर पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून प्युमिस दगडाने हलकेच घासावे, एका बैठकीत सगळे काढण्याचा हट्ट धरू नये, आणि पाय पुसून 10 ते 25 टक्के युरिया असलेले मलम लावावे. ते बोटांच्या खाचांत लावू नये.

संदेशातला सर्वांत घातक दावा मधुमेहाचा आहे, आणि तो अर्धा खरा असल्यामुळेच घातक आहे. मधुमेहींच्या पायावरचा घट्टा वेळेवर कमी करायला हवा, हे बरोबर आहे. जाड घट्टा जोड्यातल्या खड्याप्रमाणे खालच्या त्वचेवर दाब वाढवतो आणि त्याच्याखाली, वरून काही न दिसता, जखम तयार होऊ शकते. पण दीर्घकाळच्या मधुमेहात पायाची संवेदना मंदावते, त्यामुळे आम्लाने भाजले किंवा ब्लेड खोल गेले तरी वेळेवर कळत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असेल तर झालेली जखम भरत नाही. म्हणूनच हे काम प्रशिक्षित हातांनी व्हावे. तपासणीत डॉक्टर 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून तो जाणवतो का ते पाहतात; तो न जाणवणाऱ्या माणसाने पट्टी, लसूण आणि ब्लेड या तिन्हींपासून दूर राहावे, प्युमिसही विचारूनच वापरावा. घट्ट्याच्या आत गडद लाल किंवा काळसर डाग दिसला तर आत रक्तस्राव झाल्याची शक्यता असते, आणि ते दुखत नाही म्हणून वाट पाहणे चुकीचे आहे.

शेवटचा दावा जोडे न बदलण्याचा. इथे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण शब्दशः लागू पडते. दाब तसाच राहिला तर त्वचा काही आठवड्यांत पुन्हा जाड होते, आणि मग संदेश पाठवणारा म्हणतो की मूळ पुरते निघाले नसेल. उंच टाचांनी शरीराचा भार चवड्यावर ढकलला जातो, निमुळत्या टोकाने बोटे एकमेकांवर चढतात, आणि जोडा फार सैल असेल तर पाय आत सरकून घासला जातो. बोट कायमचे वाकलेले असेल किंवा अंगठ्याचा सांधा बाहेर आला असेल, तर नुसते जोडे पुरतीलच असे नाही. अशा वेळी आधार देणारे आतले तळवे आणि क्वचित हाड सरळ करण्याची शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. एरवी जोडा संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, उभे राहून दोन्ही पायांत घालून पाहावा आणि सर्वांत लांब बोटापुढे सुमारे 1 सेंटिमीटर जागा सोडावी. घरात असलेल्या जोड्यांची परीक्षा याहून सोपी आहे: कागदावर अनवाणी उभे राहून पायाची बाह्यरेषा काढावी आणि तिच्यावर जोडा ठेवावा. ती रेषा जोड्याच्या कडेबाहेर जिथे डोकावते, तिथे पायावर बोट ठेवून पाहावे. बरेचदा कुरूप तिथेच सापडते.