काय झोपलं?

लेकीचा सातवीच्या इंग्रजीत अर्धा मार्क कापला. 'द बेबी स्लेप्ट अ साउंड स्लीप' यात ऑब्जेक्ट असल्यास अधोरेखित करा, असा प्रश्न. तिनं 'अ साउंड स्लीप'खाली रेघ मारली. बाजूला लाल शेरा: स्लीप इन्ट्रान्झिटिव्ह आहे, नो ऑब्जेक्ट!! म्हणजे झोपणं अकर्मक, त्याला कर्म नसतं. वर दोन उद्गारचिन्हं.

ओपन डेच्या रांगेत पुढे एक आजोबा होते. "बघू," म्हणत त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतलासुद्धा.

"बाईंचं बरोबर आहे. क्रियापदाला 'काय' विचारायचं. बाळ झोपलं. काय झोपलं? आहे उत्तर?"

"गाढ झोप झोपलं."

"झोपच झोपणार! जेवण झोपणार का?"

"त्यालाच कॉग्नेट ऑब्जेक्ट म्हणतात आजोबा. क्रियापदाच्या नात्यातलं कर्म. रेन अँड मार्टिनच्या व्याकरणाच्या पुस्तकातसुद्धा दिलंय."

"नात्यातलं? म्हणजे वशिला. कापलाच पाहिजे मार्क."

"आपणसुद्धा आयुष्य जगतोच की. 'काय हसतोस' असंही विचारतो."

"त्याचं उत्तर आजवर कुणी दिलंय?"

याला काय बोलणार! मग मी शेवटचं अस्त्र काढलं. अ‍ॅडेल गोल्डबर्ग या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ साली एक वाक्य गाजवलं: 'ही स्नीझ्ड द नॅपकिन ऑफ द टेबल'. शिंकणं एरवी अकर्मकच. पण अमक्यानं तमकं तिथून हलवलं, या साच्यात ते बसवलं की साचाच त्याला कर्म मिळवून देतो. शिंकेनं नॅपकिन उडाला, एवढं सगळं त्या एका क्रियापदात मावतं.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्याला म्हणावं, आधी नाक पूस."

आमचे साहेब दर सोमवारी 'ग्रो द बिझनेस' म्हणतात. शेतकऱ्यानं भाजी ग्रो केलेली सगळ्यांना चालते, पण धंदा ग्रो करण्यावर इंग्रजीतली कर्मठ मंडळी अजून नाक मुरडतात. साहेबांचा बोनस मात्र कुणी कापत नाही. कापायला सापडते ती सातवीतली मुलगी.

नंबर लागला. बाईंनी पेपरकडे न बघताच सांगितलं, "सर, आन्सर की मध्ये तसंच आहे."

मी शाळेनंच सक्तीनं विकलेलं व्याकरणाचं पुस्तक पुढे केलं. साडेतीनशे रुपये, कव्हर वेगळं. कॉग्नेट ऑब्जेक्टचं पान उघडून दाखवलं.

बाईंनी ते वाचलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "हे पोर्शनला नाहीये."