इटालियन बोलतोय तो, आणि खाली भलतंच

काल रात्री मामाला ‘मिलानो कालिब्रो ९’ हा जुना इटालियन गुन्हेपट दाखवायला बसवलं आणि डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर नाही.

सात आठवडे वाट पाहून आलेली डिस्क. कस्टमवाल्यांनी डिस्कच्या किमतीच्या जवळपास निम्मी ड्युटी लावली, ती भरली. डबीचा कोपरा फुटून आला होता, तेही गिळलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : मूळ इटालियन आवाज, इंग्रजी सबटायटल्स. त्या एका ओळीसाठी पैसे मोजले मी.

पोलीस ठाण्यातला प्रसंग आला. फ्रँक वुल्फचा तो कडक कमिशनर आणि लुईजी पिस्तिल्लीचा मेर्कुरी, त्याच्या हाताखालचा पोलीस अधिकारी. गरिबाला आत टाकायचं आणि बड्या धेंडांना हात लावायचा नाही, यावरून मेर्कुरी साहेबाशी भांडतो. हातवारे करत, न थांबता बोलतो. खाली काय आलं? चार शब्द. ते चार शब्दही तो बोललेलाच नाही.

मामाला इटालियनचं अक्षर कळत नाही, पण तो लगेच म्हणाला, “अरे, तो एवढं बोलला आणि खाली एवढंच?”

झालं असं की डिस्क काढणाऱ्या कंपनीने इटालियन संवादांचा अनुवाद केलेलाच नाही. इंग्रजी डबिंगचे संवाद उतरवून काढले आणि तेच इटालियन आवाजाखाली चिकटवले. इंग्रजी डबिंगवाल्यांनी ओठ जुळवायला जे गाळलं, जे मऊ केलं, ते सगळं जसंच्या तसं. दोन ठिकाणी माणूस बोलतोय आणि खाली कोरं. एका ठिकाणी माणूस गप्प आणि खाली वाक्य, कारण इंग्रजीत तिथे कोणीतरी बोललं होतं! मी दोन वर्षं शनिवार-रविवार इटालियनच्या वर्गाला गेलो म्हणून मला हे कळतं. ज्याला भाषा येत नाही, तो यालाच सिनेमा समजणार. सबटायटल असतं ते त्याच्यासाठीच ना?

आणि हे आजचं नाही. याआधी घेतलेल्या दोन इटालियन गुन्हेपटांतही हेच होतं. एकाचा रंग तर असा पिवळा केलाय की मिलानच्या हिवाळ्यात सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं वाटतं. ब्लू-रे डिस्कसाठी जगाचे विभाग पाडलेत; आपण पडतो सी विभागात, डिस्क येते युरोपच्या बी विभागाची, आपल्या प्लेअरवर चालत नाही, म्हणून वेगळा प्लेअर घ्या. पुण्यातल्या डीव्हीडी लायब्रऱ्या एकेक करून बंद झाल्या, आता दुसरीकडे जायचं तर कुठे? दर तीन-चार वर्षांनी तोच सिनेमा नव्या खोक्यात, नव्या चित्रासह, ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून परत विकायचा. खोक्याला पैसे आहेत, पोस्टकार्डांना आहेत. एका अनुवादकाला द्यायला नाहीत.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं : तेव्हाचे इटालियन सिनेमे सगळे नंतरच डब व्हायचे, मग मूळ आवाज असा कुठला? हे ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. हो, डब व्हायचे. यातले नटच बघा : मारिओ अडॉर्फ जर्मन, फिलिप लरॉय फ्रेंच, लायनेल स्टँडर अमेरिकन. पण संवाद कोणी लिहिले? पटकथा दिग्दर्शक फेर्नांदो दि लेओचीच आहे. दक्षिणेतल्या पुलियात जन्मलेला माणूस, उत्तरेच्या मिलानमध्ये सिनेमा करतोय, १९७२ साली. मिलानमधल्याच पियाझा फोंताना या चौकातल्या बँकेत बॉम्ब फुटून १७ माणसं मेली त्याला जेमतेम सव्वादोन वर्षं झालेली. त्या शहरात एक पोलीस दुसऱ्या पोलिसाला काय सुनावतो, ते तुम्ही खुशाल गाळणार? गुन्हेकथा लिहिणाऱ्या शेर्बानेन्कोच्या कथांवरून निघालेला, संगीतकार बाकालोव आणि ओसान्ना या रॉक बँडच्या संगीतावर धावणारा सिनेमा आहे हा. नुसत्या ठोसे आणि स्फोटांसाठी बघायचा असता तर आवाज बंद करून बघितला असता.

गास्तोने मोस्किनचा ऊगो पियाझा, म्हणजे सिनेमाचा नायक, सिनेमाभर जवळजवळ बोलतच नाही. दगडासारखा चेहरा. म्हणून बाकीचे त्याच्याभोवती काय बोलतात त्यावरच सगळं उभं आहे. तीन लाख डॉलर कोणी लांबवले, हा संशय प्रत्येकाच्या बोलण्यातून फिरत राहतो. तिथेच शब्द खोटे असतील तर प्रेक्षकाने काय पकडायचं?

कंपनीला रात्रीच पत्र लिहिलं. मिनिट आणि सेकंद घालून एकवीस जागा कळवल्यात. सुधारून डिस्क बदलून द्या, एवढंच मागितलंय.

मामा काही उठायला तयार नव्हता. “तू सांग, तो मेर्कुरी काय म्हणतोय ते.” मग सबटायटल बंद केली आणि दर दोन वाक्यांनी पॉज दाबत मराठीत सांगत बसलो. शंभरेक मिनिटांचा सिनेमा, संपायला पावणेदोन वाजले.