पंखावर वारा घातला म्हणून विमान जागेवरून उठत नाही

सध्या फिरणारा दावा असा: मॉडेल विमानाच्या पंखांवर प्रोपेलरची हवा सोडा, पंखाला विमान उडतंय असंच वाटेल आणि ते धावपट्टीशिवाय जागच्या जागी वर उठेल.

‘पंखाला वाऱ्याशी मतलब, तो कुठून आला याच्याशी नाही.’ कबूल. पण वारा पंखाच्या केवढ्या भागाला लागतो? १० इंची प्रोपेलर उभ्या विमानाला १ किलोचा रेटा देत असेल तर मागचा झोत सेकंदाला सुमारे १८ मीटर वेगाने जातो. वेग झकास, पण झोत मागे जाताना आकसतो आणि जेमतेम १८ सेंटिमीटर जाडीचा उरतो. पंख २० सेंटिमीटर रुंद धरला तर वारा लागतो तो वहीच्या पानाएवढ्या तुकड्याला. त्याला सढळ हाताने १ हा लिफ्ट गुणांक (पंख वाऱ्यातून किती उचल काढतो त्याचा आकडा) दिला तरी उचल मिळते ७०० ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्षात तेवढीही नाही, कारण इतक्या आखूड तुकड्यावर दाबातला फरक कडांवरून निसटतो. तेच विमान नाक वर करून प्रोपेलरवर टांगलं तर अख्खा १ किलो पेललं जातं! थ्रीडी, म्हणजे मॉडेल हवेत असं टांगून कसरती करत उडवणारे, दुसरं काय करतात?

‘वेगवान हवा म्हणजे कमी दाब.’ पुरावा म्हणून ओठाशी धरलेली कागदाची पट्टी दाखवतात. वरून फुंकली की ती उचलते. आता तीच पट्टी सरळ लोंबती धरा आणि एका अंगाने खाली फुंका. फुंकरीकडे ती ओढली जात नाही. मोकळ्या झोतातला दाब भोवतालच्या हवेएवढाच असतो. पहिल्या वेळी काम केलं ते वाकलेल्या पट्टीबरोबर झोत खाली वळण्याने.

‘मोठी विमानं हेच करतात.’ फ्रान्सचं ब्रेगे ९४१ (पहिलं उड्डाण १९६१) घ्या. चार प्रोपेलर, जवळजवळ अख्खा पंख झोतात, झोत खाली वळवायला मागे भले मोठे फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या झडपा. एवढं करून धावपट्टी लागायचीच, फक्त आखूड.

उलट टोकाचे म्हणतात, स्वतःच्याच पंख्याने उचल शून्य. तेही चूक. प्रोपेलरचा आस आडवा ठेवा, म्हणजे झोत सरळ मागे जाईल, शेपटी आडव्या दोरीने मागे बांधा आणि विमान वजनकाट्यावर ठेवून थ्रॉटल द्या. पंखाला थोडा कोन असेल तर वजन कमी दिसतं.

ही उधारीची उचल उतरताना आठवावी. पॉवरवर हळूहळू येणाऱ्या विमानाचा थ्रॉटल कंबरेएवढ्या उंचीवर एकदम तोडला की झोत जातो, उचलही जाते, आणि विमान धप्पकन बसतं.